आईचं मनगट वाकडं आहे, राहू दे

मागच्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी आई सकाळी तुळशीला पाणी घालायला गेली आणि शेवाळ धरलेल्या फरशीवरून घसरली. पडताना माणूस काय करतो, हात टेकतो. तिने डावा टेकला. बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात मीटिंगमध्ये, बाबा म्हणाले "काही नाही गं, जरा मुरगळलाय, हळद लावलीय" आणि मागून आईचा आवाज, "मुरगळलाय काय मुरगळलाय, हाड मोडलंय, मला कळत नाही का". व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. जेवणाच्या टेबलावरचा काटा पालथा ठेवला तर त्याची पाठ कशी वर येऊन पुन्हा खाली जाते, मनगटापाशी हात अगदी तसा दिसत होता. नंतर कळलं की डॉक्टरांच्या पुस्तकातही या फ्रॅक्चरला हीच उपमा आहे, दोनशे वर्षांत दुसरी कुणाला सुचली नसावी.

मी कराडला पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. तोवर बाबा आणि शेजारचे काका तिला घेऊन एका हॉस्पिटलात गेले होते आणि तिथे पहिला राडा झाला तो बांगड्यांवरून. श्रावण म्हणून हातात हिरवा चुडा भरलेला, हात डोळ्यादेखत सुजत चाललेला, तिथला पोरगा पकड घेऊन आला आणि म्हणाला "आजी, बांगड्या फोडाव्या लागतील". आईचं वय ६७. तिला राग आजी म्हटल्याचा आधी आला की फोडण्याचा हे बाबांनाही नीट सांगता येत नाही, पण ती म्हणाली "फोडायच्या नाही म्हणू बाळा, वाढवायच्या म्हण, हे इथे समोर उभे आहेत, आणि मी तुझी आजी नाही". मग त्याने वाढवल्या. पाटली साबणाच्या पाण्याने निघाली, अंगठी मात्र दोरा गुंडाळून गुंडाळून अर्धा तास. (तुमच्यापैकी कुणी पडलं आणि हात दुखतोय अशी शंका जरी असली तरी अंगठी बांगडी आधी काढा, नंतर रडा.)

एक्सरेत काय होतं ते मला आता पाठ झालंय. कोपरापासून मनगटाकडे दोन हाडं येतात, त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं जाड टोकाचं म्हणजे रेडियस, ते मनगटाच्या जरा अलीकडे मोडून मागच्या बाजूला, म्हणजे पंजाच्या पाठीकडे कललेलं, आणि करंगळीकडच्या हाडाचं एक टोक उडालेलं. सांध्याच्या आत चीर गेली नव्हती. डॉक्टर तरुण, बोलायला व्यवस्थित, त्यांनी कच्चं प्लास्टर बांधलं आणि म्हणाले उद्या सकाळी प्लेट टाकून घेऊ, रात्री बारानंतर काही खायचं प्यायचं नाही, पॉलिसी आहे ना. मी विचारलं नुसतं प्लास्टर नाही का चालणार. तर त्यांनी एक्सरे उजेडाला धरून दाखवला, "हे असं वाकडं जुळलं तर आयुष्यभर वाकडं राहील, बघा, तुमचा निर्णय आहे". आता असं म्हटल्यावर कोणती मुलगी सांगेल की राहू दे वाकडं? मी फॉर्मवर सही करणार होते, खरंच, पेन हातात होतं.

मधे मावसबहीण आली. म्हणजे व्हॉट्सॅपवर. ती इंग्लंडात फिजिओ आहे, तिला एक्सरेचा फोटो पाठवला होता, तिचा उलटा मेसेज आला, "काही घाई नाही, दोनचार दिवसात कधीही करता येतं, आज रात्री ड्राफ्ट वाच, आणि ड्राफ्ट टू पण". हे मी मोठ्याने वाचून दाखवलं तर आई पलंगावरून म्हणते, "डीडी काढायला सांगतेय का? किती मागतायत?"

तर हा ड्राफ्ट. डीडी नाही. इंग्लंडातल्या वॉरिक युनिव्हर्सिटीतल्या मंडळींनी केलेल्या एका ट्रायलचं हे नाव, नावातली अक्षरं ओढूनताणून जुळवलेली असतात तसं. प्रमुख होते मॅथ्यू कोस्टा नावाचे हाडांचे सर्जन. यूकेतल्या १८ हॉस्पिटलांतले ४६१ पेशंट, सगळ्यांचं मनगट आईसारखंच मागे कलून मोडलेलं, आणि सगळ्यांना ऑपरेशन लागणार असं त्यांच्या सर्जनचं मत. निम्म्यांना प्लेट आणि स्क्रू, निम्म्यांना तारा. तारा म्हणजे अक्षरशः बारीक स्टीलच्या काड्या, कातडीतून आत घालून हाडाचे तुकडे एकमेकांना टाचून ठेवायचे, टोकं बाहेर, काही आठवड्यांनी ओपीडीत पकडीने ओढून काढायच्या. प्लेटच्या मानाने फारच स्वस्त आणि जुनं काम. कुणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरवत नाही, पेशंट ठरवत नाही, कॉम्प्युटर ठरवतो. आमच्या आजोळी देवाला कौल लावतात ना, फूल उजवीकडे पडलं की डावीकडे, तसंच, फक्त इथे गुरव मधे हात घालू शकत नाही. हे एवढं का करायचं तर डॉक्टरवर सोडलं तर तो धडधाकट माणसाला प्लेट देणार आणि थकलेल्याला तारा, आणि मग प्लेटवाले चांगले झाले यात प्लेटचं श्रेय किती आणि मूळच्या तब्येतीचं किती हे कधीच कळणार नाही.

निकाल २०१४ मध्ये बीएमजेत, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. एका वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही. तारावाल्यांचा त्रासाचा स्कोअर १०० पैकी साधारण १५, प्लेटवाल्यांचा १४. सव्वा गुणाचा फरक, आणि पेशंटला जाणवेल असा फरक म्हणायला किमान ६ गुण लागतील असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवून ठेवलं होतं. त्यानंतर यूकेत प्लेटांचं प्रमाण उतरलं आणि तारांचं वाढलं. मला याचंच जास्त आश्चर्य वाटलं, एक कागद छापून आला आणि सर्जन लोकांनी सवय बदलली. आपल्याकडे घरात नवीन मिक्सर आणला तरी सहा महिने जुनाच वापरतात.

मग तीच माणसं पुढचा प्रश्न विचारती झाली की बाबांनो, तारा तरी लागतात का. हा ड्राफ्ट टू, २०२२ साली आला. ५०० पेशंट, ३६ हॉस्पिटलं. सगळ्यांचं हाड आधी ओढून बसवलं, आणि मग निम्म्यांना तारा, निम्म्यांना नुसतं नीट दाबून घडवलेलं प्लास्टर. वर्षानंतरचा स्कोअर, प्लास्टर २१.२, तारा २०.७. अर्ध्या गुणाचा फरक. मी रात्री दीड वाजता कराडच्या घरात माळ्याखालच्या खोलीत मोबाईलवर हे वाचत होते आणि बाहेर पाऊस, आणि मला एकदम हसू आलं, कारण पलीकडच्या खोलीत बाबा आईला विचारत होते, प्लेट टायटॅनियमची घ्यायची की स्टीलची.

पण थांबा, त्यातच एक आकडा आहे जो मी आधी घाईत वगळला होता आणि बहिणीने दुसऱ्या दिवशी फोनवर झापून दाखवला. प्लास्टरवाल्यांपैकी १३ टक्के लोकांचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत पुन्हा घसरलं आणि त्यांना ऑपरेशन करावंच लागलं. तारावाल्यांत असा एकच निघाला. म्हणजे आठातल्या सातांची टेबलावर जायची वेळ टळली आणि आठव्याला दोनदा त्रास झाला. आणि ते जे १३ टक्के, ते हिशोबात प्लास्टरच्याच खात्यात धरलेत, तारांच्या नाही, तसंच धरायचं असतं, कारण प्रश्न "आधी प्लास्टर करून बघायचं का" हा आहे. शिवाय ज्यांच्या सांध्याच्या आतले तुकडे बाहेरून ओढून जागेवर येतच नव्हते त्यांना या ट्रायलमध्ये घेतलेलंच नव्हतं. त्यामुळे कुणी हे वाचून सांध्यात चुरा झालेल्या पंचविशीतल्या बाईकवाल्याला "अरे प्लास्टर कर, त्या ताईंनी लिहिलंय" असं सांगू नका, प्लीज.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आईला घेऊन आम्ही तिथे गेलोच नाही. पोहे खाल्ले आणि साताऱ्याला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. हे वयाने मोठे, टेबलावर पेशंटांनी आणून दिलेल्या पेढ्यांचा बॉक्स उघडा, बोलणं कमी. मामाचं म्हणणं वेगळंच होतं, त्यांच्या ओळखीचा एक हाडवैद्य आहे, पट्टी बांधतो आणि लेप लावतो, मामाच्या मेव्हण्याचा पाय त्याने बसवलाय. मामाला मी काही बोलले नाही पण बाबांना सांगितलं की तिकडे गेलात तर मी पुण्याला परत जाते. घट्ट पट्टीने हाताची बोटं काळी पडलेली माणसं असतात, ते नको.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी मोडलेल्या जागीच भुलीचं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं गप्पा मारल्या (आईला विचारलं भाजीत गूळ घालता का, ती म्हणाली आम्ही देशावरचे, घालत नाही), मग एका पोराला आईचा दंड धरून ठेवायला सांगितला आणि स्वतः तिचा अंगठा आणि बोटं धरून सावकाश ओढायला लागले. झटका नाही, काही नाही, नुसतं ओढत राहिले, आणि मग अंगठ्याने मागून दाबत पंजा खाली वळवला. आवाज आला. ओल्या गोणपाटातला खडा सरकावा तसा, कट् पण नाही आणि खर्र पण नाही. आई "आई गं" म्हणाली. ओले पट्टे गुंडाळून झाल्यावर प्लास्टर सुकेपर्यंत ते दोन्ही तळव्यांनी ते दाबून धरून उभे राहिले, कुंभार मडकं धरतो तसे, पाच सहा मिनिटं, तेवढ्यात दोन फोन आले ते घेतले नाहीत. बहीण नंतर म्हणाली, हेच ते "घडवलेलं प्लास्टर", ट्रायलमधली अर्धी करामत यात आहे, नुसतं गुंडाळलेलं प्लास्टर म्हणजे मोजा.

मला त्यांना ड्राफ्टबद्दल विचारायचंच होतं, विचारलं. ते म्हणाले वाचलंय. मग म्हणाले "तुमच्या आईचं वय बघता पुन्हा थोडं घसरेल, मी आत्ताच सांगून ठेवतो, किती घसरतंय ते बघू". आणि लिमसीच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज एक, पन्नास दिवस.

लिमसीचीही एक गोष्ट आहे आणि ती मला आवडते म्हणून सांगते. प्लास्टर काढल्यावर काही जणांचा हात सुजलेला, लाल, गरम, हात लावू देत नाही असा होऊन बसतो, महिनोन् महिने. १९९९ मध्ये हॉलंडातल्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये छापलं की रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व ५० दिवस दिलं तर हे कमी होतं, गोळीवाल्यांत ७ टक्के आणि खोट्या गोळीवाल्यांत २२. लिमसी ५०० चीच असते, स्वस्त, संत्र्याची चव, जगभर लोक द्यायला लागले. मग २०१४ मध्ये एडिंबरोच्या लोकांनी ३३६ पेशंटांवर तेच पुन्हा करून पाहिलं आणि काही फरक सापडला नाही. आता यावर डॉक्टरांचं उत्तर, "मला पण माहितीये, पण नुकसान नाही आणि पेशंट रोज गोळी चघळताना बोटं हलवायची आठवण ठेवतो". याला शास्त्र म्हणायचं का मला माहीत नाही, पण आई खरंच चघळता चघळता बोटं हलवायची. बोटं हलवणं हे मात्र सगळेच सांगतात, प्लास्टरमध्ये असताना सुद्धा बोटं, कोपर, खांदा हलवत राहायचा. झोळीत हात घालून देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं बसलं की खांदा पण जातो.

आठवड्याने एक्सरे काढला, हाड थोडं घसरलं होतं. दोन आठवड्यांनी आणखी थोडं. माझी झोप उडाली. पहिल्या डॉक्टरांचं "आयुष्यभर वाकडं" कानात वाजायला लागलं, बाबा माझ्याशी नीट बोलेनात, मामा तर फोनवर "तरी मी म्हणत होतो" (काय म्हणत होतात मामा? हाडवैद्य!). मी साताऱ्याला फोन केला, डॉक्टर म्हणाले एवढं चालेल, ठेवा.

ते एवढ्या शांतपणे ठेवा कसे म्हणू शकतात हे शोधायला मी पुन्हा वाचायला बसले. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा २०११ चा एक अभ्यास आहे, ६५ च्या पुढचे ७३ पेशंट, निम्म्यांना प्लेट, निम्म्यांना प्लास्टर. एक्सरेत प्लेटवाले कितीतरी सरळ, प्लास्टरवाल्यांचे मनगट दिसायला वाकडे. वर्षानंतर हाताची हालचाल, दुखणं, रोजची कामं यात दोघांत फरक नाही. मुठीची ताकद प्लेटवाल्यांची जास्त, हे खरं, आणि गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त. मग अमेरिका, कॅनडा, सिंगापूरच्या २४ ठिकाणी ६० च्या वरच्यांवर झालेला अभ्यास, तो २०२० चा, त्यात सुरुवातीच्या आठवड्यांत प्लेटवाले पुढे होते पण वर्षाला सगळे एका रांगेत. मग ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडचा २०२१ चा, तोच सूर. म्हणजे साठीच्या पुढे एक्सरे आणि माणूस यांचं फारसं पटत नाही. एक्सरे म्हणतो वाकडं, माणूस म्हणतो माझं चाललंय.

आणि गंमत अशी की हे पहिल्यांदा ज्याने लिहिलं त्याच्याकडे एक्सरेच नव्हता. डब्लिनचा अब्राहम कॉलिस, ज्याच्या नावाने आजही हे फ्रॅक्चर ओळखतात, त्याने १८१४ मध्ये लेख लिहिला, आणि एक्सरेचा शोध १८९५ चा. याने नुसतं हाताने चाचपून, ओढून, सोडून बघून ठरवलं की लोक याला सांधा निखळला म्हणतात तो निखळलेला नाही, वरचं हाड मोडलेलं आहे. आणि त्यातच त्याने म्हटलंय की नीट बसवलं नाही तर आकार जन्मभर बिघडलेलाच राहतो, पण समाधानाची गोष्ट एवढीच की पुढे कधीतरी हात पूर्ण चालायला लागतो आणि दुखायचा थांबतो. सगळ्यांचा थांबतो असं काही आज कुणी म्हणणार नाही. तरी दोनशे वर्षं मधे एवढी यंत्रं आली, प्लेटा आल्या, आणि म्हाताऱ्या माणसांपुरतं आपण फिरून त्याच वाक्यापाशी आलो, फक्त आता मागे शेकड्यांनी पेशंट आहेत.

आता मला खरं जे सांगायचंय ते. हे सगळे अभ्यास ज्या स्कोअरवर उभे आहेत (निदान दोन्ही ड्राफ्ट आणि ऑस्ट्रेलियाचा तरी) तो एक पंधरा प्रश्नांचा कागद आहे. पीआरडब्ल्यूई म्हणतात, कॅनडाच्या जॉय मॅकडर्मिड यांनी १९९० च्या दशकात तयार केलेला. पाच प्रश्न दुखण्याचे, दहा कामाचे, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे होतच नाही. दुखण्याचे ५० गुण, कामाच्या दहा प्रश्नांची बेरीज निम्मी करून ५०. डॉक्टर नाही भरत, पेशंट भरतो. प्लास्टर सहाव्या आठवड्यात निघाल्यावर मी तो आईसमोर घेऊन बसले, मराठीत तोंडी सांगत सांगत.

दाराची गोल मूठ फिरवता येते का? "आपल्या दाराला कडी आहे. गोल मूठ तुझ्या फ्लॅटच्या बाथरूमला आहे, ती मला आधीपण फिरत नव्हती."

सुरीने मांस कापता येतं का? "श्रावणात?" श्रावण संपला होता, तरी. मग मी विळी धरली, विळीवर भोपळा दोन्ही हातांनी दाबावा लागतो. दहा, म्हणाली. होतच नाही.

शर्टची बटणं. ब्लाऊजचे हूक, सात. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठता येतं का, यावर मी अडकले, कारण ती खुर्चीतून उठत नाही, जमिनीवरून उठते, तळवा फरशीवर टेकून सगळं वजन मनगटावर घेऊन. खुर्चीच्या हातावर मनगट वाकतं त्यापेक्षा इथे कितीतरी जास्त वाकतं. दहा. साडेचार किलोचं ओझं, कागदावर दहा पौंड आहे, ते आम्ही अर्धी भरलेली कळशी धरलं. नऊ.

आणि मग सहावा, त्या हाताने टॉयलेट पेपर वापरता येतो का. मी वाचला आणि दोघी गप्प. मग आई एवढी हसली की डोळ्यांत पाणी. कारण सहा आठवडे सगळं गाव येऊन तिला एकच वाक्य ऐकवून गेलं होतं, "बरं झालं डावा आहे, उजवा असता तर जेवायचे हाल झाले असते". ती म्हणाली "जेवायला हे भरवतील गं. डाव्या हाताचं काम कोण करणार होतं? सहा आठवडे मी काय काय केलंय ते मलाच माहीत, आणि हे एवढे गावभर लोक, एकाला विचारावंसं वाटलं नाही. तुझ्या त्या गोऱ्यांना वाटलं". (जेट स्प्रे बाबांनी चौथ्या दिवशी बसवून घेतला, हे इथे नोंदवून ठेवते, त्यांना क्रेडिट.)

त्या दिवशी तिचा स्कोअर ७१ आला. मी वहीत तारीख टाकून लिहिला.

कागदावर नसलेली एक गोष्ट मला तेव्हा दिसली. ती देवघरात तीर्थ घ्यायला ओंजळ करायला गेली आणि ओंजळ झालीच नाही, उजवा तळवा वर तोंड करून आणि डावा कलता, भिंतीकडे बघणारा. मनगट वाकत होतं, वळत नव्हतं. बहिणीला व्हिडिओ पाठवला. तिने व्यायाम सांगितले, कोपर अंगाला चिकटवून लाटणं उभं धरायचं आणि सावकाश दोन्हीकडे पाडायचं, आणि छातीशी नमस्कार करून कोपरं बाहेर उचलायची. नमस्काराचा व्यायाम जगभरचे फिजिओ देतात म्हणे. आई म्हणाली आयुष्यभर केला तो काय मग.

तीन महिन्यांनी स्कोअर ३८. सहा महिन्यांनी २२. या श्रावणात वर्ष झालं, १४. ट्रायलच्या आकड्यांशी जुळतोय म्हणून मी खूश झाले तर बहीण म्हणाली एका माणसाचा स्कोअर म्हणजे एका माणसाचा स्कोअर, उगाच नाचू नकोस, ती १३ टक्क्यांत असती तर तू आज मला शिव्या घालत असतीस. बरोबर आहे. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या भावाला, ३४ वर्षांचा, सांध्यात तीन तुकडे, प्लेट टाकली आणि टाकायलाच हवी होती. प्लेटलाही तिची दुखणी असतात, जरा जास्त पुढे बसली तर अंगठा वाकवणारी शीर तिच्यावर घासून तुटू शकते, पण म्हणून प्लेट वाईट असं नाही. मला राग प्लेटचा नाहीये. मला राग याचा आहे की त्या पहिल्या दुपारी एक्सरे उजेडाला धरून "आयुष्यभर वाकडं" हे सांगितलं गेलं आणि पुढचं वाक्य, की तुमच्या वयाला वाकडं असूनही हात बहुतेक चालतो, हे सांगितलं गेलं नाही. ते वाक्य छापून येऊन दहा वर्षं झालीत. दोन्ही वाक्यं सांगून मग म्हणा ना, तुमचा निर्णय आहे.

मनगट वाकडंच आहे. करंगळीच्या बाजूला हाडाचा गोळा वर आलाय, पाटली त्याच्यावर अडकून एका बाजूला कलते. मकर संक्रांतीला आलेल्या सगळ्या बायकांनी बघितला, हात लावून बघितला, आणि ती ओंजळीने वाण देत होती. डावीकडून तीळ थोडे गळत होते अजून.

एक गोष्ट मात्र दोन्ही डॉक्टरांकडून राहिली आणि माझ्याकडूनही. नुसतं उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं म्हणजे हाडं पोकळ झालीत का ते बघायला हवं, यानंतर पुढचा नंबर खुब्याचा लागू शकतो, आणि खुबा म्हणजे मनगटासारखं हसण्यावारी न्यायचं काम नाही. हे बहिणीने आठव्या महिन्यात विचारलं, "डेक्सा केलीस का?" डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी. केली नव्हती. पुण्याला आणून केली, हाडं ठिसूळच निघाली. आता आठवड्यातून एक गोळी आहे, रविवारी सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं प्यायचं नाही, चहासुद्धा. त्यामुळे रविवारी सातला फोन केला की ती भडकलेलीच असते, मागून बाबांच्या बशीत ओतलेल्या चहाचा फुर्र आवाज येत असतो, आणि ती मला सांगते की अजून अकरा मिनिटं आहेत.